पॉम्पेईच्या ‘लक्ष्मी’चं माहेर

अंकुशनगरची ओळख साखर कारखान्याची. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकलेल्या माणसाला रोमबद्दल विचारलं तर तो हसेल. पण पैठण इथून लांब नाही, आणि याच जालना जिल्ह्याच्या उत्तरेला, केळणा नदीच्या काठी, भोकरदन आहे. रोमचा धागा इथवर येतो.

इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली इटलीतलं पॉम्पेई गाडलं गेलं. 1938 मध्ये पुरातत्त्वज्ञ आमेदेओ माइउरी यांना तिथल्या एका घरात हस्तिदंती बाई सापडली. उंची जेमतेम वीतभर. अंगावर वस्त्र नाही, दागिने मात्र भरपूर: हातांत बांगड्यांची चळत, पायांत थेट गुडघ्यांकडे चढत गेलेले वाळे, पाठीवर वेणी. दोन बाजूंना शृंगाराचं सामान घेतलेल्या दोन छोट्या दासी. तिला ‘लक्ष्मी’ म्हणून मोकळे झाले. कमळ नाही, हत्ती नाहीत, मग लक्ष्मी कशावरून? यक्षी म्हणावं, नाहीतर नुसती नटलेली बाई. शिवाय तिच्या डोक्यातून खाली भोक पाडलेलं आहे. म्हणजे ती देव्हाऱ्यातली नव्हेच. आरशाची मूठ असेल, किंवा छोट्या मेजाचा पाय. घरातली वापरायची वस्तू.

1973 मध्ये नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी भोकरदनची पांढरी, म्हणजे जुन्या वस्तीची जागा, खणली. शां. भा. देव आणि रमेश गुप्ते यांच्या त्या उत्खननात एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती निघाली. मोडकी, पण ठेवण पॉम्पेईच्या बाईसारखी. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरलाही याच घराण्यातली एक मिळाली. इतकी साम्यं योगायोगानं जुळत नाहीत.

भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन. सांची-भारहुतच्या स्तूपांवर इथल्या दात्यांची नोंद आहे, म्हणजे गावात पैसा होता. वाटाही होत्या. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक पुस्तकात भडोच बंदराहून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे तेर, असं दिलंय. गाड्या भरून अकीक भडोचला जाई. तिथून जहाजांत हस्तिदंतही चढे. उलट्या वाटेनं इटलीची दारू येई, आणि चैनीच्या चिजाही. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत सापडलेला पोसायडनचा कांस्यपुतळा तसाच आलेला.

तरी भोकरदनकरांनी लगेच पेढे वाटू नयेत. पॉम्पेईच्या बाईच्या तळाशी खरोष्ठी अक्षर कोरलंय, आणि ती लिपी वायव्येकडची. अफगाणिस्तानातल्या बेग्रामलाही हस्तिदंती कोरीवकामाचा साठा सापडला. विदिशेच्या दंतकारांनी तर सांचीच्या तोरणावर आपलं नाव घातलंय. तेव्हा माहेरावर हक्क सांगणारे तीन-चार जण. मला भोकरदनचा दावा जड वाटतो, कारण त्या ठेवणीची मूर्ती तिथल्या मातीतूनच निघाली. खरोष्ठीचं ते एक अक्षर कारागिराचं, की वाटेतल्या कुणा व्यापाऱ्याची खूण, यावर अभ्यासक अजून भांडतायत.