शाळेचं झाड : नोंदवहीत नसलेला इतिहास

साक्री तालुक्यात झाडांचा इतिहास सांगायला बसलं की गावांच्या नावांपासूनच सुरुवात होते. आपल्या पिंपळनेरच्या नावातच पिंपळ आहे. आज मात्र आपण शाळेच्या आवारातल्या झाडाविषयी बोलणार आहोत. बहुतेक ठिकाणी तो निंब असतो, कुठे वड, कुठे चिंच.

जुन्या काळी गावात शाळा म्हणजे इमारत असे नव्हते. पंतोजी देवळाच्या ओवरीत बसत, कुणाच्या पडवीत बसत, नाहीतर झाडाखाली. मुलं धुळपाटीवर बोटानं अक्षर गिरवत. खोल्या आल्या त्या नंतर. खोल्या आल्यावरही झाडाचं काम संपलं नाही. घंटा म्हणून रुळाचा तुकडा त्याच्याच फांदीला टांगला जाई, डबे त्याच्याच सावलीत उघडत. आणि आखाजीला माहेरी आलेल्या लेकी निंबाला झोके बांधत, तेव्हा शाळेचं झाड साऱ्या गावाचं होई.

या झाडाचं मोल ज्यांनी ओळखलं, त्यातल्या दोन संस्था पाहू.

पहिली आपल्याच महाराष्ट्रातली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले इथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. सगळ्या जातींची मुलं तिथे एकत्र राहत, एकत्र जेवत. त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती, बरं का! मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिनेसुद्धा दिले. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाचं छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असं नामकरण झालं. या संस्थेचं बोधचिन्ह आहे वटवृक्ष. वडाची पारंबी जमिनीला टेकली की तिचंच खोड होतं आणि ते मूळ झाडाला आधार देतं. संस्थेच्या आज सातशेहून अधिक शाखा आहेत. बोधचिन्हाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

दुसरी संस्था बंगालमधली, शांतिनिकेतन. देवेंद्रनाथ ठाकूर जिथे ध्यानाला बसत, त्या सातवीणीच्या सावलीपासून तिथली गोष्ट सुरू होते. रवींद्रनाथांनी १९०१ साली तिथे शाळा काढली आणि वर्ग झाडांखाली भरवले. पुढे विश्वभारतीच्या दीक्षान्त समारंभात सातवीणीची पानं देण्याची प्रथा पडली. पदवीच्या कागदाबरोबर झाडाची आठवण!

आता आपल्या शाळेकडे या. मुलांची नावं जनरल रजिस्टरमध्ये आहेत. बाकं, कपाटं, फळे डेडस्टॉक रजिस्टरमध्ये आहेत. झाड कुठेच नाही. मग नवी खोली बांधायची ठरली, आवारात पेव्हर ब्लॉक बसवायचे ठरले, की सगळ्यात आधी त्याच्यावरच कुऱ्हाड येते. कागदावर नसलेल्याची बाजू कोण मांडणार?

महाराष्ट्राच्या वृक्ष संरक्षण कायद्यात २०२१ साली सुधारणा झाली आणि पन्नास किंवा त्याहून अधिक वर्षांच्या झाडाला वारसा वृक्ष मानलं गेलं. पण १९७५ चा हा मूळ कायदाच नागरी क्षेत्रापुरता आहे. खेड्यातल्या शाळेच्या निंबाला ते संरक्षण मिळत नाही. तिथे राखण गावालाच करावी लागते.

म्हणून आमची विनंती एवढीच, की प्रत्येक शाळेनं एक पान झाडासाठी ठेवावं. जमिनीपासून साडेचार फुटांवर दोरी गुंडाळून घेर मोजावा आणि तारीख घालून लिहावा. दरवर्षी मुलांकडूनच मोजून घ्यावा. गावातल्या सर्वांत वयस्कर माजी विद्यार्थ्याला विचारावं, तुमच्या वेळी हे केवढं होतं? जुन्या वर्गाच्या फोटोत मागे ते दिसतंय का, पाहावं. कुणी लावलं हे कळलं, तर त्या माणसाचं नाव लिहावं. खोली बांधण्याचा विषय बैठकीत निघेल, तेव्हा ते पान टेबलावर असू द्या.