गुरांचे जंत, झाडपाला आणि पोट फाडणारे हात

सेंद्रिय शेतीच्या आणि गोपालनाच्या पुस्तिका अलीकडे तालुक्याच्या बाजारातही मिळू लागल्या आहेत. त्यांत गुरांच्या जंतांवर एक पान हमखास असते. पळसाच्या बिया, वावडिंग, कडूनिंबाचा पाला, कपिला, सुपारी, डाळिंबाच्या मुळाची साल अशी यादी असते आणि खाली आपल्या ऋषिमुनींनी हे सारे हजारो वर्षांपूर्वीच जाणले होते, अशा अर्थाचे एखादे वाक्य असते. यादीशी माझे भांडण नाही. तीत पुष्कळसे खरे आहे. भांडण त्या खालच्या वाक्याशी आहे, कारण त्या एका वाक्याने एका मोठ्या समाजाचा इतिहास पुसून टाकला जातो.

जंत ही जनावराच्या आत राहणारी वस्तू आहे. वासराच्या शेणातून मोठे गोल जंत पडतात, पट्टकृमीचे पांढरे तुकडे पडतात, ते गुराख्याला दिसतात, मालकालाही दिसतात. पण काळजात राहणारा चपटा, पानासारखा कृमी शेणातून पडत नाही. त्याची फक्त अंडी पडतात आणि ती सूक्ष्मदर्शकाखेरीज दिसत नाहीत. जनावर खंगत जाते, पातळ हगते, जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबू लागते, दूध आटते आणि एक दिवस ते बसते ते उठतच नाही. हे कशाने झाले, हे मेलेल्या जनावराचे काळीज चिरल्याशिवाय कळण्याचा मार्ग सूक्ष्मदर्शकापूर्वी कोणालाच नव्हता. मग प्रश्न असा की आपल्या खेड्यात मेलेल्या जनावराचे काळीज कोण चिरत होते? ऋषी नव्हते, वैद्य नव्हते, मालक तर नव्हताच. मालक जनावर मेले की महारवाड्यात सांगावा धाडीत होता.

ग्रंथांकडे वळू. हत्तींच्या चिकित्सेवर पालकाप्याच्या नावाचा मोठा ग्रंथ आहे, घोड्यांवर शालिहोत्राची परंपरा आहे. ही राजाच्या सैन्यातली जनावरे. नांगराच्या बैलावर त्या तोलाचा ग्रंथ नाही. अग्निपुराणात गुरांच्या उपचारांचे एक प्रकरण आहे, एवढेच. कौटिल्य मात्र व्यवहारी माणूस. आजारी गुरांवर गुराख्यानेच उपचार करावेत आणि गुरू मेले तर त्याचे खुणेसह कातडे आणून दाखवावे, असे तो सांगतो. कातडे काढणाऱ्याने आत काय पाहिले, हे त्याने विचारलेले नाही. हिशेब कातड्याचा होता.

चरकाच्या सूत्रस्थानात एक जागा आहे, तिच्याकडे अभ्यासकांनी अवश्य पाहावे. रानातल्या वनस्पती नावाने आणि रूपाने कोण ओळखतो, तर शेळ्या राखणारे, मेंढ्या राखणारे, गाई राखणारे आणि वनवासी, असे तिथे स्वच्छ म्हटले आहे. आणि लगेच पुढे सांगितले आहे की नुसते नाव व रूप ठाऊक असून भागत नाही; वनस्पतींची योजना जाणणारा तोच खरा जाणता. म्हणजे रानातली माहिती गुराख्याची आणि तत्त्वज्ञान वैद्याचे! ज्ञान घेतानाच ज्ञान देणाऱ्याला अज्ञानी ठरविण्याची ही रीत आपल्या समाजाला चांगली परिचयाची आहे. शरीराच्या आतल्या भागाचेही तसेच. प्रेत पाण्यात कुजवून, कूर्चाने घासून एकेक थर पाहावा, असे सुश्रुत सांगतो. ही पद्धत बुद्धिमान होती यात शंका नाही. पण हात आणि प्रेत यांच्यामध्ये कुंचला होता. १८३६ साली कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात मधुसूदन गुप्त यांनी प्रेतावर सुरी चालविली, तेव्हा तो पराक्रम मानला गेला आणि आजही मानला जातो. त्याच दिवशी देशातल्या असंख्य गावांत गावकुसाबाहेर कोणी ना कोणी सुरी घेऊन बसला असेल. तो विटाळ होता.

महाराच्या वतनात मेलेले जनावर ओढणे हे काम होते आणि त्याचे कातडे व मांस हा हक्क होता. बावन्न हक्कांच्या यादीचा अभिमान सांगणारी माणसे आपल्यातही होती. जनावर टाकण्याच्या त्या कामापोटी मिळालेल्या जमिनीला हाडकी-हाडवळा म्हणत. महार जनावर ओढी व सोली, ढोर कातडे कमावी, चांभार जोडा शिवी. कुठे कमी, कुठे जास्त, प्रदेशाप्रमाणे फरक होता. यांतला सोलणारा आणि मांस वाटून घेणारा माणूस रोज आतडे, कोठा, फुप्फुस, काळीज हाताळीत होता. हे काळीज शिजवायचे की कुत्र्याला टाकायचे, हा निर्णय ज्याला पोटाच्या आगीपोटी घ्यावा लागतो तो ते काळीज नीट पाहतो. कृमी झालेल्या काळजातल्या पित्ताच्या नळ्या जाड होतात आणि सुरीखाली कडक लागतात. त्या चिरल्या की आतून बोटाच्या पेराहून लांब, तपकिरी, चपटे किडे बाहेर येतात. हे दृश्य एकदा पाहिलेला माणूस विसरत नाही. (असे काळीज खाल्ल्याने हा रोग माणसाला होत नाही, तो पाणवठ्यावरच्या कच्च्या पाल्यातून होतो. आमच्या वस्तीच्या 'घाणेरड्या' खाण्यावर बोलणाऱ्यांसाठी ही माहिती दिली.) या पाहण्याची किंमतही मोजावी लागत होती. फाशी झालेले जनावर उघडू नये, असे आज पशुवैद्यक सांगते, कारण त्याचे रक्त माणसालाही मारते. ते जनावर उघडून मेलेल्या महार-मांगांची गणती कोणत्या दप्तरात आहे?

युरोपात काय झाले पाहा. फ्रान्समध्ये जाँ द ब्री नावाच्या मेंढपाळाच्या अनुभवावरून १३७९ साली मेंढपाळीचे पुस्तक तयार झाले. त्यात मेंढीच्या काळजातल्या या कृमीचा उल्लेख आहे. ओलसर जागच्या एका वनस्पतीने तो होतो, असे त्याने म्हटले. कारण चुकले, पण जागा बरोबर सापडली. त्या वनस्पतीचे नाव फ्रेंच भाषेत आजही या किड्याला आहे. मेंढपाळाचे नाव पुस्तकावर आले, चूक नोंदली गेली आणि नोंदलेली चूक पुढे दुरुस्त होऊ शकली. १८७९-८० च्या ओल्या हंगामात इंग्लंडात सुमारे तीस लाख मेंढ्या या रोगाने मेल्या, तेव्हा ऑक्सफर्डच्या थॉमसला हे काम देण्यात आले. १८८१ ते १८८३ च्या दरम्यान त्याने आणि जर्मनीत लॉयकार्टने, दोघांनी स्वतंत्रपणे, किड्याचा सारा प्रवास उलगडला. शेणातले अंडे पाण्यात पडते, त्यातून निघालेला सूक्ष्म जीव गोड्या पाण्यातल्या गोगलगाईत शिरतो, तिच्या अंगात काही आठवडे वाढतो, मग बाहेर येऊन काठच्या गवताला चिकटतो आणि ते गवत खाणाऱ्या जनावराच्या काळजात पोचतो.

आपल्याकडे लष्कराची पशुवैद्यक शाळा पुण्यात १८६२ साली निघाली. गुरांच्या साथींवर हॅलेन यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाचा अहवाल १८७१ साली आला. मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ चे, आणि पुण्यातच १८८९ साली सरकारी जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा सुरू झाली. ती पुढे मुक्तेश्वरला गेली. सरकारला काळजी होती ती घोड्यांची आणि बुळकांडीसारख्या साथींची. कुरणात हळूहळू खंगून मरणारा बैल हा सरकारपुढचा प्रश्न नव्हता. त्या काळी शेतकऱ्यांची चराऊ राने जंगल खात्याने कशी गिळली, हे जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये १८८३ साली लिहून ठेवले आहे.

आणि मेलेले जनावर रोज उघडणाऱ्याकडे या नव्या राज्याने कसे पाहिले? संशयित म्हणून. १८५० नंतरच्या दशकांत उत्तर हिंदुस्थानात चांभारांवर कातड्यासाठी गुरांना सोमल घातल्याचे आरोप झाले, खटले झाले, एका जातीचीच गुन्हेगार म्हणून ओळख तयार झाली. महाराष्ट्रातही जनावर अचानक मेले की गावाचा डोळा महार-मांगांकडे वळे. काही ठिकाणी विष घातलेही गेले असेल. उपाशी माणसाच्या नीतीचे गोडवे गाण्याचे मला कारण नाही. पण जनावर कशाने मेले हे सांगू शकणारा एकच साक्षीदार गावात होता आणि त्यालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केल्यावर तो काय सांगणार?

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. हे ज्ञान आमचे होते असे म्हणणे म्हणजे ते काम चांगले होते असे म्हणणे नव्हे. महाडच्या १९ आणि २० मार्च १९२७ च्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत मांस सोडण्याचा आदेश दिला आणि त्याच परिषदेतून लोक चवदार तळ्यावर गेले. ढोरे ओढणे बंद झाले तेव्हा महारांचे वर्षाला किती रुपयांचे नुकसान होते, याचा हिशेब वर्तमानपत्रांतून मांडण्यात आला. कातडे इतके, शिंगे इतकी, हाडे इतकी. नागपूरच्या १५ ऑक्टोबर १९५६ च्या भाषणात बाबासाहेबांनी हा वाद पुन्हा सांगितला. त्यांचे उत्तर असे होते की एवढा नफा असेल तर तो तुम्हीच घ्या. त्या हिशेबात गेलेल्या ज्ञानाची रक्कम कोणी धरली नव्हती, आणि धरली असती तरी निर्णय तोच योग्य होता. ज्ञानासाठी कोणी गुलामीत राहत नाही. पुढे बाबासाहेबांच्या पश्चात, १९५८ च्या कायद्याने, महारकीची वतने रद्द झाली.

आता त्या यादीकडे परत येऊ. पळसाच्या बियांतल्या द्रव्याचा गोल जंतांवर परिणाम होतो, हे प्रयोगशाळेत दिसले आहे. कपिला आणि सुपारी पट्टकृमीवर वापरात होती. पण मात्रा मोजता येत नाही, झाड आणि हंगाम बदलला की ताकद बदलते, आणि म्हशीच्या रेडकाला आईच्या दुधातूनच जंत मिळतात, त्याला पहिल्या दोन-तीन आठवड्यांत औषध पडले नाही तर नंतरचा पाला व्यर्थ. मुख्य म्हणजे ही औषधे आतड्यातल्या जंतांसाठी आहेत. काळजातल्या कृमीवर यादीतले काहीही भरवशाचे नाही. युरोपात नेच्याचा अर्क त्यावर चालला, पण तो जनावरालाही विषारी होता. यादी लिहिणाऱ्याने काळीज कधी पाहिलेच नसल्यामुळे हा फरक यादीत येत नाही.

रासायनिक औषधांवर आंधळा विश्वास ठेवा, असे माझे म्हणणे नाही. तेच ते औषध पुन्हा पुन्हा पाजल्याने जंत निर्ढावतात, हे शेळ्यामेंढ्यांत ठळक दिसले आहे. आयव्हरमेक्टिन शेणातून बाहेर पडून शेणातल्या भुंग्यांना मारते. म्हणून औषधाशिवायचा मार्ग शोधणे शहाणपणाचेच आहे. चरकाने माणसांच्या कृमींसाठी सांगितलेल्या तीन उपायांत तिसरा, कारणच टाळणे, हा येथे खरा उपयोगी. पाऊस संपल्यावर तळे आटू लागते, काठचे ओले गवत उघडे पडते आणि नेमके तेव्हाच बाकीचे रान वाळलेले असते. त्या काठावर गुरे जाऊ न देणे, पाणी उपसून हौदात पाजणे, डबक्यांना वाट करून देणे, गोगलगाई खाणारी बदके सोडणे, ताजे शेण पाण्यापासून दूर कुजविणे, चरण आळीपाळीने मोकळे ठेवणे.

हे सारे ऐकायला सोपे आहे. करायला जमीन लागते, विहीर लागते, हौद लागतो. दोन शेळ्या आणि एक म्हैस गायरानावर चारणाऱ्या बाईने कोणते चरण मोकळे ठेवावे? ६ डिसेंबर १९६४ रोजी सुरू झालेल्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात दादासाहेब गायकवाडांच्या मागे लोक तुरुंगात गेले, ते पडीक आणि गायरान जमिनीसाठीच. त्यातल्या कित्येक तुकड्यांवर आजही नाव लागलेले नाही. सेंद्रिय पुस्तिकेतला 'शेतकरी' हा जमीनवाला धरलेला असतो, हे तिच्या पहिल्याच पानावर कळते.

११ जुलै २०१६ रोजी गुजरातेत उना तालुक्यात मेलेली गाय सोलणाऱ्या दलित तरुणांना उघडे करून मारले. त्यानंतर तिथल्या दलितांनी मेलेली जनावरे उचलायचे थांबवले आणि सुरेंद्रनगरला ती जिल्हाधिकारी कचेरीसमोर नेऊन टाकली. महाडला जे १९२७ मध्ये ठरले ते तिथे ८९ वर्षांनी मारहाणीनंतर ठरले.

आता काळजातला कृमी पाहायला कोणी मढे फाडण्याची गरज राहिलेली नाही. शेण पाण्यात कालवून गाळायचे, तळाशी बसू द्यायचे, वरचे पाणी ओतून पुन्हा भरायचे, आणि शेवटचा गाळ काचपट्टीवर घ्यायचा. काळजातल्या कृमीचे अंडे पिवळसर तपकिरी दिसते. कोठ्यातल्या चपट्या कृमीचे जवळजवळ त्याच आकाराचे, पण बिनरंगी. पशुवैद्यक महाविद्यालयांत गेलेली आमची काही मुलेमुली हे आता रोज पाहतात.