देवाच्या राज्याचे दाखले आणि शाळेंतील मुलें

लहान मुलांस गोष्ट सांगणें सोपें. तिचा अर्थ सांगणें कठीण. आणि अर्थ केव्हां सांगूं नये हें ओळखणें सर्वांत कठीण. शिक्षकाच्या व्यवसायांतील ही जुनी अडचण ख्रिस्ती दाखल्यांच्या शिक्षणाच्या इतिहासांत फार स्पष्ट दिसून येते. देवाच्या राज्याविषयीं येशूनें सांगितलेले दाखले शेंकडों वर्षें मुलांपुढें मांडले जात आहेत, आणि १९ व्या शतकाच्या आरंभापासून ते महाराष्ट्रांतील मुलांपुढेंही आले. ते कसे शिकविले गेले, आणि त्या शिकविण्यांत कोणाचें काय पणास लागलें, याचा थोडा विचार करण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

मत्तयाच्या शुभवर्तमानांतील तेराव्या अध्यायांत असे सात दाखले एकत्र आलेले आहेत: पेरणारा, गव्हांतील निदण, मोहरीचा दाणा, खमीर, शेतांत पुरलेली ठेव, मोलाचें मोतीं आणि मासे धरण्याचें जाळें. यांतील एकही वस्तु ऐकणाऱ्यांस अपरिचित नव्हती. परिचित वस्तूंतून जें सांगितलें तें मात्र अपरिचित होतें. गालिलांतील ते शेतकरी व कोळी रोमच्या छायेखालीं नांदत होते; ‘राज्य’ हा शब्द कानीं पडतांच त्यांच्या मनांत सैन्य, कर आणि मुक्ततेची आशा हीं एकदम उभीं राहत. अशा लोकांस सांगितलें काय? तर देवाचें राज्य मोहरीच्या दाण्यासारखें आहे. एका बाईनें पिठांत लपविलेल्या खमिरासारखें आहे. वल्हांडणाच्या सणांत यहुदी लोक खमीर घराबाहेर काढीत, आणि पुष्कळदां तें दोषाचें चिन्ह मानीत. त्याच खमिराची उपमा देवाच्या राज्यास दिलेली ऐकून श्रोता चमकला असेल, आणि चमकला म्हणूनच विचार करूं लागला असेल.

येथें एक बारीक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. पेरणाऱ्याचा दाखला सर्व समुदायास सांगितला. परंतु त्याचा अर्थ, शिष्यांनीं एकीकडे येऊन विचारला तेव्हां, त्यांसच सांगितला. बहुतेक दाखल्यांचा अर्थ तर सांगितलेलाच नाहीं. गोष्ट सर्वांची, अर्थ विचारणाऱ्याचा, असा हा क्रम होता.

पुढें हा क्रम पालटला. चर्चचें शिक्षण जसजसें व्यवस्थित झालें, तसतशी प्रत्येक दाखल्याला अर्थाची किल्ली बसविण्यांत आली. इ. स. ४०० च्या सुमारास होऊन गेलेल्या ऑगस्टिनानें दयाळू शोमरोन्याच्या गोष्टींत जखमी मनुष्य म्हणजे आदाम, धर्मशाळा म्हणजे चर्च आणि तिचा रखवालदार म्हणजे पौल असा अर्थ बसविला. ही रीत शतकानुशतकें चालली. १९ व्या शतकाच्या अखेरीस जर्मन पंडित यूलिखर यानें असें प्रतिपादिलें कीं, दाखला म्हणजे कोडें नव्हे. त्याचा मुद्दा एकच असतो. १९३५ त सी. एच. डॉड या वेल्श पंडितानें हे दाखले पुन्हा त्यांच्या काळांत नेऊन बसविले, आणि ते ऐकणाऱ्यास तत्काळ निर्णय करावयास लावीत, हें दाखविलें. परंतु हे विचार निघण्यापूर्वींच दाखले आपल्या शाळांत येऊन पोंचले होते.

गॉर्डन हॉल हा अमेरिकन मिशनरी १८१३ त मुंबईस उतरला, आणि १८१५ पासून त्या मिशनच्या शाळा तेथें सुरू झाल्या. स्कॉटलंडचे डॉ. जॉन विल्सन १८२९ त आले व १८३२ त त्यांनीं इंग्रजी शाळा काढली. स्कॉच मिशनरी लहानपणापासून ज्या प्रश्नोत्तरावलीवर वाढत, तींत १०७ प्रश्न व तितकींच उत्तरें होतीं. प्रश्न शिक्षकाचा आणि उत्तरही शिक्षकाचेंच. मुलाकडे काम काय तें पाठ करण्याचें. ज्याचें शिक्षण असें झालें, तो दाखलाही त्याच रीतीनें शिकवूं लागला तर नवल नाहीं.

वास्तविक दृष्टांताची रीत मराठीस नवी नव्हती. चक्रधरस्वामींचे दृष्टांत १३ व्या शतकाच्या अखेरीस केसोबासांनीं ‘दृष्टांतपाठां’त एकत्र केले, आंधळ्यांनीं चांचपलेल्या हत्तीची गोष्ट त्यांतलीच. तेथें आधीं सूत्र, मग दृष्टांत आणि मग दार्ष्टांतिक, म्हणजे उलगडा, अशी मांडणी आहे. तेव्हां अर्थ सांगणें हाच दोष, असें आमचें म्हणणें नाहीं. पण महानुभाव शिष्य घरदार सोडून, आपला प्रश्न घेऊन गुरूपाशीं आला होता. मिशनच्या शाळेंत येणारा मुलगा इंग्रजी, गणित आणि भूगोल यांसाठीं आला होता. त्यानें न विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर त्याच्या हातीं ठेवण्यांत येत होतें.

शिवाय ज्या वस्तूंच्या आधारें अर्थ चढावयाचा, त्याही येथें बदलत. देशावरचा शेतकरी पाभरीनें पेरतो. मुठीनें बीं फेंकीत जाणारा आणि अर्धें वाटेवर व खडकावर सांडणारा पेरणारा त्याच्या मुलास खुळा वाटावा. मोहरी त्याला ठाऊक ती फोडणीची. तिच्या झाडावर पांखरें बसतात हें त्यानें कुठें पाहिलें होतें? भाकरीला खमीर लागत नाहीं. परंतु चमचाभर विरजणानें हंडाभर दूध लागतें, हें घरोघरचें मूल जाणत होतें. शहाण्या शिक्षकानें विरजण म्हटलें असतें तर मूल स्वतःच पुढची पायरी चढलें असतें. आणि ‘राज्य’ हा शब्द तर सर्वांत अवघड. १८१८ त पेशवाई बुडाली होती. राज्यकर्त्यांच्या जातीचा, त्यांच्याच वर्णाचा शिक्षक दुसऱ्या एका राज्याची ग्वाही देऊं लागला, तर मुलाच्या बापानें तें कोणाचें राज्य समजावें?

ही भीति निराधार नव्हती, हें लौकरच दिसून आलें. मोत्याच्या दाखल्यांतील व्यापारी एका मोत्यासाठीं आपलें सर्वस्व विकतो. प्रौढ मनुष्यानें हा सौदा आपल्या जबाबदारीवर करावा. परंतु शाळेंतील मुलाचें सर्वस्व म्हणजे त्याचे आईबाप, त्याचें घर व त्याची जात; आणि तें विकलें असतां त्याची किंमत घरच्यांसही द्यावी लागते. १८३९ त धनजीभाई नवरोजी व होरमसजी पेस्तनजी या पारशी तरुणांनीं बाप्तिस्मा घेतला, तेव्हां पारशी समाजांत हाहाकार उडाला आणि पारशी मुलें विल्सनसाहेबांच्या शाळेंतून निघून गेलीं. १८४३ त नारायण शेषाद्रि या ब्राह्मण तरुणानें तीच वाट धरली. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत, बारा वर्षांच्या सुमाराचा, मिशनऱ्यांच्या घरीं जाऊन राहिला. बापानें सुप्रीम कोर्टांत दाद मागितली व मुलगा बापाच्या स्वाधीन झाला. पुढें त्याला प्रायश्चित्त देऊन जातींत घ्यावें म्हणून बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले, आणि सनातनी मंडळींचा रोष त्यांनीं पत्करला.

कोर्टापुढें प्रश्न होता वयाचा आणि बापाच्या हक्काचा, जातीपुढें अन्नोदकाचा, मिशनऱ्यांपुढें आत्म्याच्या तारणाचा. त्या मुलास काय समजलें होतें, हा प्रश्न या तिन्ही प्रश्नांखालीं दडपून गेला. मिशनरी कपटी होते असें आम्ही म्हणत नाहीं. आपल्यास सांपडलेलें मोतीं दुसऱ्यासही मिळावें, ही त्यांची तळमळ खरी होती. नारायण शेषाद्रींनीं पुढें जालन्याजवळ बेथेल हें गांव वसवून दीनांची जी सेवा केली, तीवरून त्यांचा निर्णय पोरकट नव्हता हेंही उघड आहे. पण एका भावास जें पेललें तें दुसऱ्याच्या कोंवळ्या खांद्यांवर ठेवावें काय, याचा विवेक शिक्षकानेंच करावयाचा असतो.

या प्रश्नाचा निकाल कायद्यानें लागण्यास शंभरांहून अधिक वर्षें लागलीं. २६ जानेवारी १९५० पासून अंमलांत आलेल्या राज्यघटनेच्या २८ व्या कलमाप्रमाणें सरकारमान्य किंवा सरकारी मदत घेणाऱ्या संस्थेंत कोणासही त्याच्या संमतीवांचून, आणि अज्ञान मुलास त्याच्या पालकाच्या संमतीवांचून, धर्मशिक्षण घेण्यास भाग पाडतां येत नाहीं. ही मर्यादा योग्यच आहे. तथापि कायदा सक्ति थांबवितो. शिकवावें कसें तें सांगत नाहीं.

तें शिकण्यासाठीं आम्हांस पुन्हा दाखल्यांकडेच जावेंसें वाटतें. मार्काच्या शुभवर्तमानांत एक लहानसा दाखला आहे. एक मनुष्य जमिनींत बीं टाकतो; रात्रीं झोंपतो, सकाळीं उठतो; बीं उगवतें व वाढतें, पण कसें तें त्यास कळत नाहीं. तो दररोज माती उकरून मोड पाहत नाहीं. देवाच्या राज्याविषयीं शिकवूं पाहणाऱ्या पुष्कळांनीं हा दाखला मुलांस समजावून सांगितला. तो आधीं शिक्षकासाठीं आहे, हें थोड्यांच्या ध्यानांत आलें. गोष्ट नीट, तिच्या काळासह व मातीसह सांगावी. मूल विचारील तेव्हां, विचारील तितकेंच, प्रामाणिकपणें उत्तर द्यावें. आणि मग थांबावें. धर्म कोणताही असो, आपल्या घरांत मुलांस पुराणांतील किंवा संतांच्या गोष्टी सांगणाऱ्या आम्हां आईबापांसही हाच नियम लागू आहे. गोष्ट संपतांच तिचें तात्पर्य सांगण्याची जी घाई आपल्यास होते, ती मुलाच्या हिताची किती आणि आपल्या समाधानाची किती, हें ज्यानें त्यानें आपल्या मनाशीं विचारून पाहावें.