परवडणारे जुनेपण

दिंडोशीतल्या एखाद्या नोकरदाराने परवडणारी जुनी स्पोर्ट्स कार घ्यायचे मनावर घेतले, तर त्याची गाठ आधी इतिहासाशी पडते. स्वातंत्र्यानंतर आयातीवरील निर्बंध आणि परवाना पद्धत यांमुळे मध्यमवर्गाच्या वाट्याला मोजक्याच संसारी गाड्या आल्या. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्यातील कारखान्यातून फियाट, म्हणजेच पुढची पद्मिनी, बाहेर पडत राहिली. केवळ हौसेची, दोघांपुरती गाडी त्या अर्थव्यवस्थेत बसणारी नव्हती. १९९३ मध्ये मोटारनिर्मिती परवानामुक्त झाली; त्यानंतर १९९८च्या सुमारास गोव्यात तयार होणारी, फायबरग्लासच्या बॉडीची आणि रेनॉ इंजिनाची दोन आसनी ‘सॅन स्टॉर्म’ आली. ती फारशी खपली नाही. म्हणूनच आज ती शोधावी लागते.

२०२१च्या केंद्रीय नियमांनुसार ‘व्हिंटेज’ हा दर्जा पहिल्या नोंदणीनंतर ५० वर्षांनी मिळतो आणि तशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. खासगी गाडीची मूळ नोंदणी मात्र १५ वर्षांची. पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण. म्हणजे १९९८ची स्टॉर्म २०४८पर्यंत कायद्याच्या लेखी निव्वळ जुनी गाडी.

अभिजातपण काळ ठरवतो, असे आम्ही वर्गात शिकवतो. पण पंधरा ते पन्नास या मधल्या वर्षांत वस्तू कोणीतरी सांभाळावी लागते. परवडणारी गाडी शोधणारा नेमके तेच ओझे विकत घेतो, आणि त्याने ते जाणूनच घ्यावे, असे आम्हांला वाटते.