पाउली मरे आणि त्यांचे चर्च



कंत्राटी सफाई कामगारांच्या युनियनचे काम करण्यात ज्याची उमर गेली, त्या माणसाने अमेरिकेतील एका ख्रिस्ती धर्मगुरूवर व्याख्यान द्यावे, ह्याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. मी कॉलेजची पायरी चढलेलो नाही. जे वाचले ते सार्वजनिक वाचनालयात वाचले. ओडेल वॉलर नावाच्या एका बटाईदाराच्या खटल्याची हकीकत वाचीत असता पाउली मरे हे नाव प्रथम माझ्या दृष्टीस पडले, आणि मग ते मनातून गेले नाही.

पाउली मरे यांचा जन्म २० नोव्हेंबर १९१० रोजी बाल्टिमोर येथे एका कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. आई १९१४ साली वारली. वडील शिक्षक होते. त्यांना पुढे मनोरुग्णांच्या इस्पितळात ठेवावे लागले, आणि तेथे १९२३ साली एका पहारेकऱ्याने त्यांना ठार मारले. पोर वाढले ते उत्तर कॅरोलिना राज्यातील डरहॅम गावी, पॉलिन मावशी आणि आजी-आजोबा यांच्या घरी. आजोबा यादवी युद्धात गुलामगिरीविरुद्ध लढलेले शिपाई व पुढे शिक्षक. आजी कॉर्नेलिया जन्माने गुलाम. एका गुलाम स्त्रीवर मालकाच्या मुलाने केलेल्या अत्याचारातून तिचा जन्म झालेला. मालकिणीने तिला १८५४ साली चॅपेल हिल गावच्या चर्चमध्ये नेऊन बाप्तिस्मा दिला. हे चर्च आपण लक्षात ठेवू या.

घर एपिस्कोपल पंथाचे, म्हणजे इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चच्या अमेरिकन शाखेचे. एक मावशी धर्मगुरूलाच दिलेली. प्रार्थना, उपासना, बायबलवाचन ह्यांत त्या पोराचे बालपण गेले. मी 'पोर' म्हणतो, कारण मराठीची ही एक सोय आहे. लहान लेकराला आपण 'ते' म्हणतो. ते मुलगा की मुलगी, हे भाषा लगेच विचारीत नाही. पाउलीच्या मावशीलाही अशीच सोय शोधावी लागली. ह्या पोराला झगे नको असत. मुलांचे कपडे, मुलांचे खेळ, मुलांची कामे हवी असत. मावशी शाळामास्तरीण, करड्या शिस्तीची बाई. पण तिने मारझोड केली नाही. ती त्याला 'माझी मुलगा-मुलगी' असे म्हणे. तडजोड अशी ठरली की, आठवडाभर विजार चालेल, मात्र रविवारी चर्चला जाताना झगा घातला पाहिजे.

ही तडजोड मला फार अर्थपूर्ण वाटते. घरी मुभा, देवापुढे मात्र नेमून दिलेला वेष! पुढील साठ वर्षांचा झगडा ह्या एका नियमात सामावलेला आहे.

पोर मोठे झाले की भाषेची सोय संपते. मरे यांनी हयातभर चारचौघांत स्त्री म्हणूनच व्यवहार केला, म्हणून मी पुढे 'त्या' म्हणतो. आज काही अभ्यासक 'तो' म्हणतात, काही दोन्ही टाळतात. त्यांनाही आधार आहे, आणि तो मरे यांच्या स्वतःच्या कागदांतच आहे. १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्या शिक्षणासाठी न्यूयॉर्कला आल्या. ॲना पॉलिन हे नाव टाकून त्यांनी 'पाउली' हे नाव घेतले. १९३० साली एक लग्न केले, ते लगेच मोडले. १९३० च्या दशकात त्या डॉक्टरांकडे जाऊन विचारीत राहिल्या की, मी स्त्रीदेहातील पुरुष तर नव्हे? पुरुषी संप्रेरके द्या. पोटात कोठे पुरुषग्रंथी दडल्या आहेत काय, ते तपासा. डॉक्टरांनी नकार दिला. पारलिंगी म्हणून आज ज्यांची ओळख आहे, त्यांच्यासाठी त्या काळी ना शब्द होता, ना दवाखाना, ना कायदा.

परंतु हा माणूस दुःख कुरवाळीत बसला नाही. कामगारांच्या शिक्षणवर्गांत मरे शिकवीत. मार्च १९४० मध्ये व्हर्जिनियातील पीटर्सबर्ग येथे बसमध्ये मागच्या मोडक्या आसनावर बसण्याचे त्यांनी व त्यांच्या मैत्रिणीने नाकारले आणि दोघी तुरुंगात गेल्या. तेथे त्यांनी सत्याग्रहाचे तंत्र जाणूनबुजून वापरले. ते त्या शिकल्या होत्या दांडीयात्रेतील सत्याग्रही कृष्णलाल श्रीधराणी यांच्या ग्रंथातून. पाण्याचे तळे असो की बसमधील आसन, हक्क एकच असतो. महाडचा वारसा सांगणाऱ्या आपल्यासारख्यांस हे वेगळे सांगावयास नको.

त्याच वर्षी वॉलरचा खटला उभा राहिला. गव्हाच्या वाट्यावरून तंटा झाला आणि त्या बटाईदाराच्या गोळीने जमीनमालक मेला. ज्यूरीत बसले ते डोईपट्टी भरू शकणारे. वॉलरसारखे कंगाल त्यातून आपोआप वगळले गेले. मरे यांनी वॉलरच्या म्हाताऱ्या पालक आईला बरोबर घेऊन गावोगाव फिरून निधी जमविला. २ जुलै १९४२ रोजी वॉलरला मृत्युदंड झाला. ह्याच लढ्याने मरे यांना कायद्याच्या अभ्यासाकडे वळविले.

आता दोन नकार शेजारी शेजारी ठेवून पाहा. १९३८ साली नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाने कातडीचा रंग पाहून त्यांना प्रवेश नाकारला. १९४४ साली हॉवर्ड विद्यापीठात कायद्याच्या परीक्षेत पहिल्या येऊनही हार्वर्डने त्यांना नाकारले, कारण त्या स्त्री. मरे यांनी हार्वर्डला लिहिले की, आपल्या अटीसाठी मी आनंदाने लिंग बदलीन, पण त्याचा मार्ग मला अद्याप उमगलेला नाही. वाचणाऱ्यांना तो विनोद वाटला असेल. पण हा मार्ग कोठे आहे, हे त्या डॉक्टरांच्या दारोदार विचारून चुकल्या होत्या, हे आज आपल्याला ठाऊक आहे. आणि मग त्या ओळीवर हसू येत नाही.

पुढचे कार्य थोडक्यात सांगतो. शाळांतील वर्णभेद रद्द करणाऱ्या १९५४ च्या निकालापूर्वी वकिलांनी मरे यांच्या विद्यार्थिदशेतील निबंधाचा आधार घेतला. १९६६ साली राष्ट्रीय महिला संघटनेच्या संस्थापकांत त्या होत्या. १९७१ साली स्त्रियांच्या समान हक्कांचा दावा मांडताना रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी आपल्या निवेदनावर मरे यांचे नाव ऋण म्हणून घातले.

आणि चर्च? ते त्यांनी सोडले नाही. मार्च १९६६ मध्ये एका रविवारी उपासना चालू असताना त्या उठून बाहेर पडल्या. वेदीजवळची सारी सेवा पुरुषांकडेच का, हा प्रश्न त्यांना बसू देईना. पण त्या परत आल्या, त्या भांडण्यासाठी. १९७३ साली त्यांची जिवलग सहचरी आयरीन बार्लो वारली. त्याच वर्षी, वयाच्या बासष्टीत, प्राध्यापकी सोडून त्या धर्मशाळेत विद्यार्थिनी झाल्या. त्या वेळी स्त्रीला दीक्षा देण्याची चर्चमध्ये परवानगीच नव्हती. ती १९७६ साली मिळाली. आणि ८ जानेवारी १९७७ रोजी वॉशिंग्टनच्या कॅथीड्रलमध्ये मरे यांना दीक्षा मिळाली. एपिस्कोपल चर्चच्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री धर्मगुरू. १३ फेब्रुवारीस त्यांनी पहिले प्रभुभोजन दिले, ते चॅपेल हिलच्या त्याच चर्चमध्ये, जेथे आजीला गुलाम म्हणून बाप्तिस्मा मिळाला होता. हातात आजीचे बायबल होते. आणि ते ज्यावर ठेवले, ते पीठ आजीच्या मालकिणीच्या स्मरणार्थ दिलेले होते.

ज्या दाराने त्या आत गेल्या, त्या दारावर 'स्त्री' अशीच पाटी होती. ती पाटी आपल्याला पुरती लागू आहे काय, हा तरुणपणीचा प्रश्न त्यांनी जाहीरपणे कधीच मांडला नाही. आत्मचरित्र मृत्यूनंतर, १९८७ साली, प्रसिद्ध झाले. त्यातही तो नाही. पण कागद त्यांनी जाळले नाहीत. डॉक्टरांची टिपणे, पत्रे, रोजनिशी, सारे हार्वर्डच्याच ग्रंथालयाकडे जाईल अशी व्यवस्था त्यांनी केली. हयातीत जे बोलता आले नाही, ते पुढच्यांसाठी जपून ठेवले, असाच अर्थ मी घेतो.

मरे १ जुलै १९८५ रोजी वारल्या. २०१२ साली चर्चने हा दिवस त्यांचा स्मरणदिन ठरविला. २०२४ साली अमेरिकेच्या नाण्यावर त्यांची मुद्रा उमटली. आपल्याकडे १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथी नागरिकांचा स्वतःची ओळख ठरविण्याचा हक्क मान्य केला. कायदा झाला, पण कामावरच्या हजेरीपत्रकात, युनियनच्या सभेत आणि देवाच्या दारी अजून पुष्कळ काम उरले आहे. आम्हा चळवळीतल्या लोकांना सवय असते, 'आधी मोठा प्रश्न, तुझे खाजगी मग' असे म्हणण्याची. मरे यांनी ते 'मग' आयुष्यभर सोसले, आणि तरीही दुसऱ्यांचे प्रश्न सोडविले. दुसऱ्या कोणाकडून इतकी किंमत मागण्याचा अधिकार कोणत्याही चळवळीला नाही आणि कोणत्याही धर्माला नाही, एवढेच मला आपणांस सांगावयाचे होते.