फॉक्सीच्या मागून

पॅटरडेलमधल्या कॉटेजमधून बाहेर पडताना तुमच्या मोती कुत्र्याला दोरी लावा. इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये एप्रिल म्हणजे मेंढ्या विण्याचे दिवस. हर्डविक जातीची काळीभोर कोकरं गडग्यांच्या आडोशाला उभी असतात, आणि मोतीनं नुसतं त्यांच्याकडे बघितलं तरी त्यांच्या आया पाय आपटतात. फोन कॉटेजमध्येच राहू द्या. पुढच्या वळणावर डांबरी रस्ता संपतो आणि १८०५ साल सुरू होतं.

हा बदल तुमच्याआधी मोतीला कळतो. समोरून एक लहानखुरी टेरियर कुत्री येते आणि दोघांची रीतसर हुंगाहुंगी होते. ही फॉक्सी. तिचा मालक चार्ल्स गॉफ मँचेस्टरचा, विशीतला, चित्रं काढणारा. त्याच्याजवळ मासे पकडायचा गळ आहे, सोन्याचं घड्याळ आहे, चांदीची पेन्सिल आहे. हेलवेलिनचा डोंगर ओलांडून त्याला पलीकडे ग्रासमिअरला जायचंय. बरोबर वाटाड्या मात्र नाही.

अशी हौशी मंडळी या खोऱ्यांत आता बरीच दिसतात. नेपोलियनच्या लढायांमुळे युरोपची सफर बंद पडलीय, म्हणून पैसेवाल्यांची पोरं घरचेच डोंगर बघायला निघालीत. थॉमस वेस्टचं प्रवासी मार्गदर्शक १७७८ सालीच निघालं. कुठल्या जागी उभं राहून कुठलं तळं बघायचं, हेसुद्धा त्यात नेमून दिलंय. गॉफच्या सामानात क्लोद आरसे आहेत, तेही दोन. काळसर काचेचा हा फुगीर आरसा वापरायची रीत अशी, की देखाव्याकडे पाठ करून उभं राहायचं आणि मागचा डोंगर आरशात बघायचा, म्हणजे तो क्लोद लोरँच्या चित्रासारखा दिसतो. हसू नका. तुम्हाला फोन ठेवून यायला सांगितलं ते उगाच नाही.

चढायला लागा. हेलवेलिन ९५० मीटर. १६४६ मीटरची कळसूबाई चढून आलेल्या माणसाला हे किरकोळ वाटेल, आणि तिथेच तो फसेल. इथल्या घळींत एप्रिलमध्येही बर्फ असतो. खाली ऊन असताना माथ्यावर गारा पडतात आणि धुकं तर बघता बघता येतं. स्ट्रायडिंग एजवर पोचलात, की सह्याद्रीतली एखादी अरुंद धार आठवेल. उजव्या हाताला खोल खाली रेड टार्नचं काळं पाणी, डाव्या हाताला नेदरमोस्ट कोव्हची दरी. मधे पाऊल ठेवण्यापुरता खडक, तोही ओला. मोती पोट जमिनीला टेकवून चालू लागतो. फॉक्सी कधीच पुढे गेलीय. तिच्या मालकाला हाक मारावी असं वाटतं, पण तुमचा आवाज त्याच्यापर्यंत पोचायला दोनशेहून जास्त वर्षं आडवी आहेत.

गॉफ पडताना तुम्हाला दिसत नाही. कुणालाच दिसला नाही.

आता त्याच वर्षीची २७ जुलै. उन्हाळा आहे, नेचे हिरवेगार झालेत. रेड टार्नजवळ एका मेंढपाळाला भुंकणं ऐकू येतं. तो शोधत जातो, तर एका सांगाड्याशेजारी फॉक्सी. जिवंत. मधल्या तीन महिन्यांत ती तिथंच व्याली, पण पिल्लू जगलं नाही.

पुढचं काम माणसांनी वाटून घेतलं. कार्लाइलच्या एका वृत्तपत्रानं छापलं, की कुत्रीनंच मालकाला खाल्लं. वॉल्टर स्कॉट आणि वर्ड्‌स्वर्थ यांना तिच्यात निष्ठेची मूर्ती दिसली. दोघांनी एकाच घटनेवर वेगवेगळ्या कविता लिहिल्या, आणि वर्ड्‌स्वर्थच्या कवितेचं नावच ‘फिडेलिटी’. त्याच वर्षी हंफ्री डेव्ही या रसायनशास्त्रज्ञाला बरोबर घेऊन दोघे हेलवेलिन चढलेसुद्धा.

वर्ड्‌स्वर्थला दोष देण्याआधी ग्रासमिअरला उतरून त्याच्या डव्ह कॉटेजमध्ये डोकावून या. या घरावर सुतक आहे. धाकटा भाऊ जॉन ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजाचा कप्तान होता. बंगाल आणि चीनकडे निघालेलं ते जहाज याच वर्षी ५ फेब्रुवारीला वेमथजवळ इंग्लंडच्याच किनाऱ्यालगत बुडालं. जॉनचं प्रेत काही आठवड्यांनी सापडलं. ज्याच्या भावाजवळ शेवटी घरचं कुणी नव्हतं, त्याला तीन महिने प्रेताजवळ बसून राहिलेली कुत्री खरी वाटावी, हवीशी वाटावी, यात मला तरी नवल वाटत नाही.

पण ती जगली कशावर? वर्ड्‌स्वर्थनं हा हिशोब देवावर सोडला. तुम्ही मेंढपाळाला विचारा. वसंतात या डोंगरांवर मेंढ्या मरतात, कोकरं मरतात, आणि प्रेतावर डोमकावळे उतरतात ते कुत्र्याची वाट बघत नाहीत. फॉक्सीला जे मिळालं ते तिनं खाल्लं असेल. त्यात मालक होता की नव्हता, हा प्रश्न तिच्यापेक्षा वाचकांना जास्त छळतो. डोंगर चढणाऱ्या माणसामागून जाणारा कुत्रा म्हटलं, की आपल्याला धर्मराजाचाच आठवतो. तो शेवटी यमधर्म निघाला. ती सगळी धर्मराजाची परीक्षाच होती. फॉक्सी मात्र कुत्रीच राहिली. भूक लागली तेव्हा तिनं खाल्लं, पिल्लं व्हायची वेळ आली तेव्हा ती व्याली, आणि तरीही जागा सोडली नाही. ‘तरीही’ हा शब्दही आपलाच. तिच्या लेखी या तीन गोष्टींत कुठं भांडण असेल असं मला वाटत नाही.

अजून एक उडी मारा, १८९० सालात. धार संपते तिथे माथ्याजवळ कॅनन रॉन्स्ले आणि फ्रान्सिस पॉवर कॉब यांनी दगड उभा केलाय. पाच वर्षांनी नॅशनल ट्रस्टच्या स्थापनेत पुढे असणारे ते हेच रॉन्स्ले, आणि कॉबबाई जिवंत प्राण्यांवरच्या प्रयोगांविरुद्ध लढणाऱ्या. दगडावर गॉफचं नाव आहे, स्कॉटचं आहे, वर्ड्‌स्वर्थचं आहे. कुत्रीचं नाव मात्र नाही, ती तिथं ‘त्याचा कुत्रा’.

दगड वाचून होईपर्यंत साल आजचं झालेलं असतं. माथ्यावरच्या दगडी आडोशाला आठदहा माणसं डबे उघडून बसलीत. मोतीनं दोरी ताणलीय. कुणाच्या तरी सँडविचमध्ये हॅम आहे.