जागा जपली म्हणजे जागा आपली? मोंमार्त्रच्या एका पेताँक क्लबची गोष्ट

पॅरिसच्या मोंमार्त्र टेकडीवर अव्हेन्यू ज्युनो या रस्त्यालगत झाडीत एक छोटंसं मैदान आहे. १९७१ मध्ये स्थापन झालेला पेताँक क्लब तिथे खेळायचा. एप्रिल २०२४ मध्ये पोलिसांनी ती जागा रिकामी केली. बातमी एवढीच, पण संशोधनासाठी त्यात एक चांगला प्रश्न आहे: वर्षानुवर्षं जपलेल्या जागेवर जपणाऱ्याचा हक्क तयार होतो का?

आधी खेळ समजून घेऊ. एक छोटी लाकडी गोटी सहा ते दहा मीटरवर टाकायची आणि साधारण ६५० ते ८०० ग्रॅम वजनाचे धातूचे गोळे तिच्या जास्तीत जास्त जवळ पोचवायचे. दक्षिण फ्रान्समधल्या जुन्या खेळात गोळा मारताना पावलं टाकत पुढे यावं लागे. ला सिओता गावच्या ज्यूल लन्वार यांना संधिवातामुळे ते जमेना. म्हणून १९०७ च्या सुमारास तिथे पाय एका जागी रोवून खेळायची रीत सुरू झाली. पेताँक या नावाचा अर्थच मुळी ‘रोवलेले पाय’. १९१० मध्ये तिथे स्पर्धाही झाली. या छोट्या बदलाचा परिणाम मोठा झाला. म्हातारी माणसंही खेळू लागली आणि जागाही कमी पुरू लागली. हिरवळ नको, फरशी नको, खडीची चार हात जमीन असली की झालं! शहरातल्या उरल्यासुरल्या तुकड्यांवर हा खेळ रुजला तो यामुळे.

मोंमार्त्रची जागा अशीच. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी त्या उतारावर झुडपं आणि गरिबांच्या, कलावंतांच्या झोपड्या होत्या. १९१० च्या सुमारास अव्हेन्यू ज्युनो झाला, इमारती उठल्या, आणि हिरवळीचे थोडेच तुकडे मागे राहिले. त्यातल्या एकावर पुढे क्लब आला.

आता वाद बघा. क्लबचं म्हणणं होतं, पन्नास वर्षं ही हिरवळ आम्ही राखली. महापालिका म्हणत होती, जमीन सार्वजनिक आहे, क्लब परवान्याविना बसलाय, ती सर्वांसाठी खुली व्हायला हवी. जागेसाठी शेजारच्या एका हॉटेलचा प्रस्ताव निवडला गेला, तेव्हा खेळाडू आणखी चिडले. प्रकरण न्यायालयात गेलं आणि निकाल क्लबच्या विरोधात लागला. गंमत अशी, की हिरवळ वाचवण्याची भाषा दोन्ही बाजू बोलत होत्या. म्हणून एखाद्या कागदात ‘पर्यावरण’ हा शब्द दिसला की लगेच खूश होऊ नका. तो कोण वापरतंय आणि त्यातून काय मागतंय, हे आधी विचारा.

याच टेकडीवर तुलनेला एक उदाहरण आहे. रहिवाशांनी आणि चित्रकार पूलबो यांच्यासारख्या कलावंतांनी एका मोकळ्या भूखंडावर बांधकाम होऊ दिलं नाही. १९३३ मध्ये महापालिकेने तिथे द्राक्षवेली लावल्या. तो मळा आजही आहे, त्याचा उत्सवही होतो. मग तिथे यश आणि इथे अपयश का? ‘मळा सर्वांना खुला, क्लब बंद’ हे उत्तर सोपं वाटतं, पण पुरत नाही, कारण मळाही रोज खुला नसतो. मला फरक दुसरीकडे दिसतो. मळ्यात रहिवाशांची धडपड महापालिकेच्या नोंदीत शिरली, तिचा वारसा झाली. क्लबची मेहनत सभासदांच्या सवयीतच राहिली.

अशा विषयावर काम करताना खरी अडचण इथेच येते. मालकीचा कागद असतो, निकालाची प्रत असते. पण रोज सकाळी पाला झाडणाऱ्याची पावती कुणी फाडत नाही. फक्त अभिलेखागारात बसलात, तर तुमचा इतिहास मालकाच्या बाजूने झुकणार. फक्त सभासदांच्या आठवणी ऐकल्यात, तर दाराबाहेर राहिलेला शेजारी सुटणार. म्हणून प्रश्न ठरवताना ‘जागा कोणाची’ याच्या शेजारी ‘जागा राखली कोणी, आणि आत कोणाला येता आलं नाही’ हेही लिहून ठेवा. या तिन्ही प्रश्नांची उत्तरं जिथे जुळत नाहीत, तिथून तुमचा प्रबंध सुरू होतो.